पहाटे चारला जाग आली नाही, तर?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि एक दिवस थांबून उत्तर लिहायला बसलो, कारण त्यात चार-पाच प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या ताई खानापूर तालुक्यातल्या. सहा वर्षांपूर्वी ख्रिस्तावर विश्वास ठेवला आणि गावाजवळच्या एका छोट्या प्रार्थनागटात जाऊ लागल्या. सासर वारकरी. नवरा विरोध करत नाही, पण सोबत येतही नाही. गटाचे नेम असे: पहाटे चारला उठून घरातल्या लेकरांसकट प्रार्थना, बुधवारी आणि शुक्रवारी उपास, मिळकतीचा दशांश, अंगावर मंगळसूत्र-बांगड्या नाहीत, आणि गणपतीत जावेच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही. यंदा भाताच्या लावणीत अंग मोडून आलं, पहाटे जाग येईना, उपासही सुटले. त्याच आठवड्यात नऊ वर्षांच्या मुलाला फिट आली. गटातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, नेम मोडलात म्हणून हे झालं. उलट दुसऱ्या एका विश्वासी भावाने सांगितलं, आता कृपेचा काळ आहे, नियमबियम काही उरले नाहीत, मनाला येईल तसं राहा. ताई विचारतात, या दोघांत खरं कोण, आणि कृपेने जगायचं म्हणजे सोमवारी सकाळी उठून नक्की करायचं काय?

बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत मराठी-कानडी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, मी सव्वीस वर्षं पाळक (पास्टर) म्हणून काम केलं. त्या अनुभवातून लिहितोय.

आधी मुलाचं. तुमचा उपास मोडला म्हणून त्याला फिट आलेली नाही. मेंदूतल्या पेशींच्या विद्युत संदेशांत अचानक गडबड झाली की फिट येते. त्यावर औषधं आहेत आणि बहुतेक मुलांना ती लागू पडतात. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी नेमका तुमच्या वडीलधाऱ्यांचाच प्रश्न विचारला होता: पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभू येशूने दोन्ही नाकारलं. ज्या प्रभूने त्या आईबापांवर बोट ठेवलं नाही, तो तुमच्यावर ठेवणार नाही. गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही दिवस बंद करू नका, कुणी कितीही विश्वासाने सांगितलं तरी. मी माझ्या सेवाकाळात अशा गोळ्या बंद करायला लावलेलं एक घर पाहिलं आहे, आणि त्या घरात नंतर काय झालं ते इथे लिहिण्याची माझी हिंमत नाही.

आता मूळ दुखणं. तुम्ही विचारताय नियम पाळायचे की सोडायचे. पण तुमच्या पत्रात मला जी भीती दिसली ती नियमांच्या संख्येची नाही. हिशेबाची आहे. देवाकडे आपल्या नावाचं एक खातं आहे, त्यात रोज भर टाकायची, आणि भर थांबली की काहीतरी वाईट होणार, ही ती भीती.

आमच्या मंडळीत एक आजी होत्या. वडगावात मागावर कांड्या भरण्यात सगळा जन्म गेलेला. मी नवीन असताना नित्य प्रार्थनेवर एक तासभर कडक प्रवचन केलं. आजी दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "पास्टर, तुमचं ऐकून देव पिग्मीवाल्यासारका वाटाय लागलाय. रोज सांजंला येतोय, धा रुपये घेतोय, पुस्तकात लिवतोय. एक दिस चुकला की तोंड फिरवतोय. तसला हाय व्हय आपला देव?" ज्यांच्याकडे हा शब्द नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या भागात बँकेचा किंवा सोसायटीचा माणूस रोज दुकानात, दारात येऊन थोडी थोडी रक्कम गोळा करून नेतो, त्या ठेवीला पिग्मी म्हणतात. अडीनडीला ती काढता येते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्याकडे खरोखरच एक वही होती. प्रार्थनेचे तास, वाचलेले अध्याय, उपासाचे दिवस, सगळे रकाने आखलेले. ज्या आठवड्यात रकाने भरलेले असत, त्या रविवारी मी ताठ उभा राहायचो आणि लोकांना धारेवर धरायचो. ज्या आठवड्यात रिकामे असत, तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करताना जीभ अडखळायची. कुठल्या तोंडाने मागायचं? दोन्ही आठवड्यांत मी वहीकडेच बघत होतो. आजीने एका वाक्यात ते पकडलं. बायबल कॉलेजात मला कृपेची व्याख्या पाठ होती, पण माझं दैनंदिन जगणं पिग्मीवर चाललं होतं.

तुमच्या गटालाही कृपा हा शब्द नवा नसणार. इफिसकरांस पत्रातलं वचन सगळ्यांना तोंडपाठ असतं: कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं आहे, ते देवाचं दान आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. दारातून आत येताना कृपा, आणि आत आल्यावर भिंतीवर पाटी, इथून पुढे नेमाने. गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांचं हेच झालं होतं. प्रेषित पौलाने, ज्याने ही पत्रं लिहिली, त्यांना ख्रिस्ताची सुवार्ता सांगितली, त्यांनी आनंदाने स्वीकारली, मागून काही जण आले आणि म्हणाले, विश्वास ठीक आहे, पण सुंताही हवी. सण-दिवसही पाळायला सुरुवात झाली होती. पौलाने त्यांना विचारलं, आत्म्याने सुरुवात करून आता देहाच्या बळावर शेवट करताय काय? तारण कृपेने आणि टिकून राहणं आपल्या दमावर, ही विभागणी त्याला मान्यच नव्हती.

आपल्याकडे एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या निकालानंतर ग्रेस मार्क हा शब्द घरोघरी ऐकू यायचा. पोराला तीस पडले, पास व्हायला तेव्हा पस्तीस लागायचे, वरून पाच दिले आणि ढकललं पुढे. खूप विश्वासू माणसं देवाच्या कृपेचा विचार असाच करतात: मी माझ्याकडून जमेल तितकं करेन, कमी पडेल ते देव भरून काढेल. ऐकायला नम्र वाटतं. पण यात पेपर आपणच लिहिलेला असतो आणि तीस मार्क आपलेच असतात. ज्याला बारा पडले त्याने काय करायचं? आणि ज्याला बेचाळीस पडले त्याला ख्रिस्ताची गरज काय? शुभवर्तमान सांगतं की तुमच्या जागी ख्रिस्ताने पेपर लिहिला आणि त्याचा निकाल तुमच्या नावावर लागला. म्हणून रोमकरांस आठव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत पौल म्हणतो, ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच. ज्या आठवड्यात लावणी चालू होती आणि तुम्ही पहाटे उठला नाहीत, त्या आठवड्यातही ते वाक्य तसंच होतं.

आता त्या दुसऱ्या भावाकडे वळतो, कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धवट बरोबर गोष्ट फार घात करते. तुम्ही नियमशास्त्राच्या (म्हणजे मोशेच्या आज्ञांच्या) अधीन नाही, कृपेच्या अधीन आहात, हे पौलाने लिहिलं आहे. (आमच्या दुभाषी मंडळीत हे वचन वाचताना एक गंमतीची नव्हे तर खरी अडचण येते. कानडी बायबलमध्ये नियमशास्त्राला 'धर्मशास्त्र' म्हटलंय. मराठी कानाला धर्मशास्त्र म्हणजे श्राद्ध, सोवळं, सुतक. मग मराठी माणूस समाधानाने म्हणतो, ते तर आम्ही केव्हाच सोडलं. आणि नवे नेम नव्या नावाने त्याच जागी येऊन बसतात.) पण अधीन नाही याचा अर्थ कुणाचेच नाही असा होत नाही.

चंदगडकडची मुलगी लग्न होऊन उचगावात आली की आधी माहेरच्या रेशन कार्डावरून नाव कमी करावं लागतं. त्याचा दाखला आणल्याशिवाय इकडच्या कार्डावर नाव चढत नाही. माहेरी नाव कमी झालं म्हणजे ती बेवारस झाली काय? नाव कमी झालं ते दुसऱ्या घरी लागावं म्हणून. रोमकरांस सातव्या अध्यायात पौल लग्नाचंच उदाहरण घेतो आणि म्हणतो, तुम्ही ख्रिस्ताच्या शरीराद्वारे नियमशास्त्राला मेलात, ते दुसऱ्याचे व्हावं म्हणून, जो मेलेल्यांतून उठला त्याचे. मनाला येईल तसं राहा हा सल्ला पहिला अर्धा भाग वाचून थांबतो. पुढे घर आहे, घरधनी आहे, त्या घराची रीत आहे. ती रीत शिकवणारी कृपाच आहे. तीताला लिहिलेल्या पत्रात कृपेबद्दल क्रियापद वापरलंय ते शिकवण्याचं: ती आपल्याला अभक्तीला नाही म्हणायला आणि मर्यादेने, नीतीने वागायला शिकवते. कृपा ढिलं सोडते असं ज्यांना वाटतं त्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय उघडावा. पौल म्हणतो, मी त्या सगळ्यांपेक्षा अधिक श्रम केले, पण ते मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले. कृपेखाली माणूस कमी राबतो असं मी तरी पाहिलेलं नाही. तो भीतीने राबत नाही, एवढंच.

पहाटे चार आणि बुधवार-शुक्रवार हे वाचून मला अठराव्या शतकातला इंग्रज पाळक जॉन वेस्ली आठवला, मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला तो. आमच्या बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने काम सुरू केलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्टांकडे आलं, म्हणून वेस्ली आमच्या घरातला माणूस. ऑक्सफर्डला असताना तो आणि त्याचे मित्र बुधवारी आणि शुक्रवारी उपास करत, पहाटे उठत, तुरुंगातल्या कैद्यांना भेटत, वेळेचा काटेकोर हिशेब ठेवत. लोक त्यांना चिडवायला मेथडिस्ट म्हणत, म्हणजे पद्धतशीर, नेमवाले. १७३५ मध्ये तो अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत सेवेला गेला आणि १७३८ च्या सुरुवातीला खचून परत आला. जॉर्जियाला जाताना वाटेत वादळात जहाज हेलकावे खात असताना मोरेव्हियन पंथाची काही जर्मन कुटुंबं शांतपणे गीतं गात होती, आणि आपण मरणाला भितो हे त्याला कळलं. एवढे नेम पाळून मनात शांती नव्हती. मग २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका छोट्या सभेत कुणीतरी जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं, आणि पावणेनऊच्या सुमारास, तो लिहितो, त्याच्या हृदयात अनोखी ऊब जाणवली. ख्रिस्ताने माझी, माझीसुद्धा पापं दूर केली अशी खात्री पटली.

त्यानंतर वेस्ली काय करू लागला? पहाटे चारलाच उठत राहिला. पुढची कितीतरी दशकं, म्हातारपणीसुद्धा. तोच माणूस, तीच वेळ. पूर्वी तो देवाने आपल्याला स्वीकारावं म्हणून उठत होता, नंतर देवाने स्वीकारलंय म्हणून. प्रार्थना, वचन, प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) यांना त्याने कृपेची साधनं म्हटलं. माझ्या मते तुमच्या गटातला सगळा घोटाळा या एका ठिकाणी आहे. साधन म्हणजे भांडं. पाणी आणायला घागर लागते, पण घागर रिकामी राहिली म्हणून झरा आटत नाही.

तर मग आपण नियमाखाली जगतोय की कृपेखाली, हे ओळखायचं कसं? वर्षानुवर्षं लोकांशी बोलून मी एका खुणेवर आलोय. चुकल्यानंतरचा पहिला तास बघा. सगळं नीट चाललेलं असताना दोघेही सारखेच दिसतात. दोघेही प्रार्थना करतात, दोघेही गातात. फरक पडतो तो चुकल्यावर. घरात सासूवर ओरडून झालं, पोराला विनाकारण मारलं, खोटं बोललात, किंवा नुसतं झोपून राहिलात, त्यानंतरच्या पहिल्या तासात तुम्ही देवाकडे जाता की देवापासून दूर जाता? नियमाखालचा माणूस लपतो. आदाम झाडांआड लपला तसा. आधी दोन दिवस चांगलं वागून दाखवतो, मग प्रार्थनेला तोंड उघडतो. इब्र्यांस पत्रात म्हटलंय, आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ या, आणि कशासाठी? दया मिळावी म्हणून. दया चुकलेल्यालाच लागते. म्हणजे ते आमंत्रण नेमकं त्या पहिल्या तासासाठी आहे.

हे मी मंडळीत शिकवू लागलो तेव्हा एका गृहस्थाने मला कठीण पेचात टाकलं. दारूतून बाहेर येऊन त्यांना पाच महिने झाले होते आणि एका लग्नात पुन्हा घेतली. तशाच वासाने रात्री दहाला माझ्या दारात आले आणि म्हणाले, तुम्हीच सांगितलंत पहिल्या तासात या, म्हणून आलो. खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा राग आला. मग लक्षात आलं की मागच्या वेळी पडले होते तेव्हा हेच गृहस्थ सात महिने चर्चच्या रस्त्यानेसुद्धा फिरकले नव्हते, आणि ते सात महिने बाटलीतच गेले होते. या वेळी एक रात्र गेली. माझ्या पत्नीने त्यांना भाकरी वाढली, सकाळी त्यांनी बायकोची माफी मागितली. पण त्याच सकाळी आम्ही बसून कडक नेमही ठरवले: पगार बायकोच्या हातात, गावातल्या अमुक रस्त्याने जायचं नाही, रोज संध्याकाळी सातला मला फोन. मग हा नियम झाला की कृपा? मोडलेल्या हाताला प्लास्टर लागतं. कुणाला किती काळ लागेल हे त्या हाताकडे बघून ठरतं, आणि चांगल्या हाताला कुणी प्लास्टर घालत नाही. पौलाने नियमशास्त्राला बालरक्षक म्हटलं तेही थोडं असंच. त्या काळी श्रीमंताघरचा एक दास मुलाला हाताला धरून शाळेत न्यायचा, प्रसंगी छडी दाखवायचा. मूल मोठं झालं की त्याचं काम संपलं. तुमच्या गटातही कुणाला कडक नेम गरजेचे असतील. ते सगळ्यांना सारखे लावणं, आणि मोडले तर देव शिक्षा करेल म्हणणं, इथे वाट चुकते.

आतापर्यंतचं एकत्र धरायचं तर, देवाकडे तुमचं पिग्मीचं खातं नाही, तुम्ही मोकाटही नाही, एका घरच्या आहात. आणि नेम हे साधन म्हणून राहू शकतात. यावर उभं राहून तुमच्या बाकीच्या गोष्टी बघू. इथे मात्र घराघरात फरक पडतो, आणि माझ्यासारखेच अनुभवी पाळक काही बाबतींत माझ्याशी असहमत आहेत.

मंगळसूत्र आणि बांगड्या. आपल्या भागात सवाष्ण बाईने त्या उतरवल्या की त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो तुमच्या सासूबाईंच्या काळजाला काय वाटत असेल याचा विचार गटाने केलेला दिसत नाही. नवरा जिवंत असताना तुम्ही त्याचं मरण अंगावर घेऊन फिरता असं त्यांना वाटणार. मराठी ख्रिस्ती बायका पिढ्यानपिढ्या मंगळसूत्र घालत आल्या आहेत, कित्येकींच्या पोतीत मध्ये क्रूस असतो. येशूचा शिष्य पेत्र याच्या पत्रात दागिन्यांबद्दल जे आहे ते सौंदर्य कशात शोधायचं याबद्दल आहे. आणि त्याच ठिकाणी तो विश्वास न ठेवणाऱ्या नवऱ्याला शब्दांवाचून वागण्याने जिंकण्याबद्दल बोलतो. माझा सल्ला: नवऱ्याला विचारा त्यांना काय वाटतं. बहुतेक या एका प्रश्नाने ते तुमच्याशी विश्वासाबद्दल पहिल्यांदा मोकळं बोलतील.

प्रसादाबद्दल मी जरा सावकाश बोलतो. करिंथ शहरात बाजारातलं मांस बरेचदा मूर्तीपुढे ठेवलेलं असायचं आणि मंडळीत यावरून फूट पडली होती. पौलाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. उपासनेत भाग घेऊ नका, हे त्याने स्पष्ट सांगितलं. पण कुणी जेवायला बोलावलं तर जे वाढलं जाईल ते चौकशी न करता खा. कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. मला विचाराल तर आरतीत तुम्ही उभं राहू नये असं मला वाटतं. जावेकडच्या जेवणाला बसून तिच्या हातची पोळी खाणं वेगळं. तुमचं मन अजून त्याला धजत नसेल तर खाऊ नका, पण तोंड फिरवून उठू नका. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरून तिला काहीतरी डब्यात घेऊन जा. रोमकरांस चौदाव्या अध्यायात खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असं दोन्ही बाजूंना बजावलंय.

पण यातला सगळ्यात मोठा मुद्दा मला पंगतीचा वाटतो, आणि त्याबद्दल लोक फार कमी बोलतात. अंत्युखिया शहरात पेत्र यहुदी नसलेल्या विश्वासी लोकांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून काही जण आले तसा तो भ्याला आणि वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर विरोध केला. नियम आणि कृपा यांचा एवढा मोठा वाद एका जेवणाच्या पानावरून पेटला. मी जिथे पहिली तीन वर्षं होतो त्या खेड्यात दोन वाड्यांतले विश्वासी एकाच छपराखाली दोन बाजूंना बसायचे आणि प्रभुभोजनाला कोण आधी उठणार हे न बोलता ठरलेलं असायचं. तिथे उपास, दशांश, पहाटेची प्रार्थना सगळं कडक होतं. जिथे पाळणाऱ्यांची उतरंड लागते तिथे माणसांचीही लागते. लक्ष्मीबाई टिळकांचं आयुष्य ज्यांना माहीत आहे त्यांना आठवेल. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, बाई कितीतरी नंतर आल्या, आणि दुसऱ्याच्या हातचं पाणी घेण्याची सोवळ्याची गाठ सुटायला त्यांना मनाशी झगडावं लागलं. गाठ सुटली तेव्हा त्यांच्या घरात कुणाचंही पोर जेवू लागलं. तुमच्या गटात नेम न जमणाऱ्या बाईला कुठे बसवतात, ते या आठवड्यात नीट बघा.

दशांशाबद्दल थोडक्यात. द्या, आनंदाने द्या, जमेल तेव्हा दहाव्या हिश्श्याहून जास्तही द्या. मी आणि माझी पत्नी देतो. पण मुलाच्या औषधाचे, डॉक्टरच्या फीचे पैसे दूध डेअरीच्या बिलातून आधी बाजूला काढणं म्हणजे देवाला लुबाडणं नव्हे. 'कुर्बान' म्हणून देवाला वाहून टाकायचं आणि आईबापांना उपाशी ठेवायचं, या युक्तीवर प्रभू येशू मार्काच्या सातव्या अध्यायात किती कडक बोलला ते वाचा.

आणि उपास: लावणीच्या दिवसांत चिखलात दहा तास वाकून काम करणाऱ्या बाईने उपास धरू नये, असं मी माझ्या मंडळीत उघड सांगतो. पावसाळा सरल्यावर, मनाला ओढ वाटली तर धरा. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव त्याच्या आवडीच्या उपासाचं वर्णन करतो: जोखड सोडणं आणि आपली भाकर भुकेल्याबरोबर वाटून खाणं.

गट सोडायचा का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. लगेच नको. त्या वडीलधाऱ्यांनी सहा वर्षांपूर्वी तुम्हाला ख्रिस्ताबद्दल सांगितलं, हे विसरू नका; कदाचित त्यांनाही कुणी वेगळं शिकवलेलं नसेल आणि त्यांच्याही घरात एक वही असेल. नवऱ्याला किंवा एखाद्या थोरल्या बहिणीला सोबत घेऊन एकदा त्यांच्याकडे जा. गलतीकरांस पत्र सहाच अध्यायांचं आहे, ते एकत्र मोठ्याने वाचूया म्हणा. वाद घालू नका. माझ्या अनुभवात काही पुढारी ते वाचून रडले आहेत आणि काहींनी पुस्तक मिटून ठेवलंय. त्यांनी पुन्हा मुलाच्या आजाराचं खापर तुमच्यावर फोडलं, किंवा गोळ्यांच्या आड आले, तर मात्र त्या दिवसापासून तिथे जाऊ नका. खानापुरात आणि बेळगावात मराठी उपासना होणाऱ्या मंडळ्या आहेत, तिथे जा.

राहिली तुमची सोमवारची सकाळ. जाग येईल तेव्हा उठा. उठल्यावर पहिली गोष्ट, काही मागण्याआधी, उधळ्या पुत्राच्या दाखल्यातल्या बापाने थोरल्या मुलाला म्हटलेलं वाक्य स्वतःला ऐकवा, कारण तुमच्यात आणि माझ्यात तो थोरलाच जास्त आहे, इतकी वर्षं चाकरी केली म्हणणारा: "बाळा, तू नेहमीच माझ्याबरोबर आहेस आणि माझं जे काही आहे ते सर्व तुझंच आहे." मग चुलीपाशी भाकऱ्या थापत प्रार्थना करा, हात पिठात असले तरी चालतं. दुपारी शेतात कुणावर चिडलात तर तिथल्या तिथे, बांधावरच, देवाशी बोला. रात्रीपर्यंत साठवू नका. आठवड्यातून एक दिवस निवांत वेळ काढून शुभवर्तमानातला एक अध्याय वाचा, मुलाला शेजारी घेऊन वाचलात तर आणखी चांगलं.

पण त्याला पहाटे चारला उठवू नका. फिट येणाऱ्या मुलाची झोप अपुरी राहिली की पुन्हा फिट येण्याची शक्यता वाढते, डॉक्टरांना विचाराल तर तेही हेच सांगतील. स्तोत्र एकशे सत्तावीसमध्ये लिहिलंय की परमेश्वर आपल्या प्रियजनांना लागेल ते झोपेतही देतो. त्याला पोटभर झोपू द्या, आणि लावणीने अंग दुखत असेल तोवर तुम्हीही त्याच्याशेजारी झोपा.